गाडीची बॅटरी घरी बदलताना: आधी काळी की लाल?

निशिगंधा (पुणे)

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल वॅगनआर हल्ली सकाळी रुसते. सेल्फ मारला की डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट ऐकू येतं. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जम्पर लावला की लगेच चालू. बॅटरी गाडीसोबत आलेलीच आहे, चार वर्षं होऊन गेली. दुकानदार म्हणतो, नवीन टाका. ती मला घरीच, स्वतः बसवायची आहे. बाबा म्हणतात, "त्यात हात घालू नकोस, शॉक बसेल." व्हिडिओ बघायला गेले तर एक जण आधी काळी वायर काढतो, दुसरा लाल. खरं काय? आणि नवीन घेताना ब्रँड सोडून अजून काय बघायचं?

फुरसतराव

ताई, कशाला हा उपद्व्याप? बॅटरीवाल्याला फोन केला की त्याचा माणूस स्कूटरवर बॅटरी घेऊन येतो, बसवतो, जुनी उचलतो आणि तिचे पैसे बिलातून वजा करतो. बसवायचे वेगळे पैसे बहुतेक जण घेतच नाहीत. वाचणार काय?

निशिगंधा

पैसे वाचवायला नाही हो. टायर बदलता येतो, मग हे का येऊ नये, इतकंच.

बुंगाट

सोप्पं आहे. १० नंबरचा पाना घ्या, दोन नट सैल करा, जुनी काढा, नवी ठेवा. पंधरा मिनिटांचं काम. मी कायम लाल आधी काढतो, आजवर काही झालेलं नाही.

गॅरेजवाले आबा

बुंगाट, झालं नाही कारण तुमचा पाना अजून बॉडीला टेकलेला नाही. त्याकडे येतोच. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

निशिगंधाताई, बॅटरी मेली आहे हे आधी ठरवा. ते कट-कट म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी स्विच) आत ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. बॅटरी उतरली असेल तर हा आवाज येतो, आणि टर्मिनल सैल असेल किंवा त्यावर खार धरला असेल तरी हाच येतो. म्हणून पहिल्यांदा दोन्ही क्लॅम्प (बॅटरीच्या खुंटांवर बसणाऱ्या वायरींच्या पकडी) हाताने फिरवून बघा. हाताने हलले तर रोग तिथेच आहे. नुसते नट आवळून गाडी सुरळीत झालेली गिऱ्हाइकं मी भरपूर पाहिली आहेत. त्यांतल्या काहींनी माझ्याकडे येण्याआधीच नवी बॅटरी घेतलेली असायची.

मग मल्टिमीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा. १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर मीटर लावणं म्हणजे बॅटरी थेट शॉर्ट करणं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, बॉनेट उघडून, काहीही चालू न करता आकडा घ्या. १२.६ च्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. नंतर गाडी चालू करून परत बघा, १३.८ ते १४.५ दिसायला हवं. इंजिन चालू असूनही १२ च्या घरातच घुटमळत असेल तर आल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाही. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर दोन-चार दिवसांत तीही उतरेल आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल.

निशिगंधा

आबा, खूप आभार. गाडीत डॅशकॅम आहे, तो गाडी बंद असतानाही चालतो. त्याने उतरत असेल का?

गॅरेजवाले आबा

असू शकतं. गाडी झोपली की साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो: घड्याळ, लॉकचा रिसीव्हर वगैरे. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने दोन आठवड्यांत निम्मी होते, म्हणून महिनाभर उभ्या राहिलेल्या चांगल्या गाड्याही रुसतात. पार्किंगमधला डॅशकॅम याच्या कितीतरी पट खातो.

खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. बॅटरी चार्जरवर किंवा लांबचा फेरा मारून पूर्ण भरा. रात्री काळी वायर काढून बाजूला करा, ती परत टर्मिनलला टेकणार नाही अशी. तास-दोन तासांनी एक आकडा घ्या, सकाळी दुसरा. वायर काढलेली असताना व्होल्टेज टिकलं आणि जोडलेली असताना पडलं, तर गाडीतलं काहीतरी बॅटरी पीत आहे. वायर काढूनही पडलं तर बॅटरीच गेली.

वऱ्हाडी ठेचा (अकोला)

आबांशी सहमत. बाकी पुण्यात चार वर्षं टिकली हे नशीब समजा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी उन्हात आणि बॉनेटखाली भट्टी. तीन वर्षं झाली की आम्ही बॅटरीकडे संशयानेच बघतो. लोकांना वाटते थंडीने बॅटरी मरते. मारते ऊनच, फक्त मयत थंडीत होते.

गॅरेजवाले आबा

ठेचाभाऊ, अगदी बरोबर. तापमान जास्त असलं की आतल्या शिशाच्या जाळ्या भराभर गंजतात आणि पाणी उडतं. साधारण हिशेब असा की कायमचं तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्म्यावर येतं. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि बॅटरीची ताकद मात्र कमी झालेली असते. उन्हाळ्यात झालेलं नुकसान तेव्हा उघड पडतं.

आता काळी की लाल. आपल्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक काळ्या वायरीने बॉडीला आणि इंजिनाला जोडलेलं असतं. म्हणजे बॉनेट, चेसिस, रेडिएटरची पट्टी, बॅटरी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, सगळं निगेटिव्ह. काळी जोडलेली असताना तुम्ही लाल टर्मिनलचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक आजूबाजूच्या कुठल्याही पत्र्याला लागलं, तर थेट शॉर्ट. त्या क्षणी शेकडो अँपिअर वाहतात. पाना चिकटतो, लाल होतो, ठिणग्या उडतात, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळपास साठलेला असेल तर बॅटरी फुटते. काळी आधी काढली की बॉडीचा संबंध तुटला. मग लालवरचा पाना बॉडीला कुठेही लागो. काळीचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही निगेटिव्हच.

म्हणून काढताना काळी आधी. बसवताना लाल आधी, काळी सगळ्यात शेवटी. हे एक कारण समजलं की क्रम पाठ करायची गरज नाही.

आणि बाबांना सांगा, १२ व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला बसत नाही. भीती भाजण्याची आहे. अंगठी, धातूच्या बांगड्या, घड्याळाचा पट्टा, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र काढून ठेवा. पाना आणि बॉडीच्या मधे अंगठी सापडली तर ती बोटावरच तापते.

बुंगाट

बरं आबा, हे मान्य. पण आमचा मेस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढतो. गाडी बंद नाही पडली की म्हणतो आल्टरनेटर ओके. हे तरी बरोबर का?

गॅरेजवाले आबा

बिलकुल नाही. डायनामोच्या जमान्यातली सवय आहे ती, तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हते. आल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अचानक बाजूला केली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी उसळतं. बॅटरी असते तेव्हा ती हे धक्के पचवते. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टिम, आल्टरनेटरचे डायोड, यांतलं काय जाईल सांगता येत नाही. शंभर वेळा काही होत नाही आणि एकदा होतं, तेव्हा ईसीएमच्या किमतीत तीन-चार बॅटऱ्या येतात. मीटर लावला की तीच माहिती मिळते.

सागरलाट (रत्नागिरी)

आमच्याकडे खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरं-निळं फुलून येतं, क्लॅम्प सुटतच नाही. लोक स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात. तसं करू नका, टर्मिनलचा खुंट मुळापासून हलतो आणि तिथून ऍसिड झिरपतं. खायचा सोडा गरम पाण्यात घालून ओता, फसफसू द्या, साध्या पाण्याने धुवा, मग क्लॅम्प डावी-उजवीकडे हलवत वर काढा. सोड्याचं पाणी जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. नवीन बसवल्यावर आधी नट आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

निळा रंग क्लॅम्पमधल्या तांब्याचा असतो. म्हणजे तांबं खाल्लं जातंय. फारच पोखरला असेल तर क्लॅम्पही बदला.

मीरा_जे (म्युनिक)

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मदतीला बोलावण्याचं पहिलं कारण बॅटरीच असतं. एक भर: सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. त्यांना ईएफबी किंवा एजीएम (वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या प्रकारची) बॅटरी लागते. जुनी एजीएम असेल तर नवीही एजीएमच घ्यायची. स्वस्तातली साधी टाकली तर गाडी चालते, पण बॅटरी लवकर संपते. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावं लागतं, नाहीतर तो जुनी समजूनच चार्ज करत राहतो. काही गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत किंवा सीटखाली असते. आणि काळ्या क्लॅम्पवर चिकटलेली छोटी काळी डबी दिसली तर ती सेन्सर आहे, तिच्यावर पाना टेकवून जोर लावू नका.

फुरसतराव

आणि हे सगळं "पंधरा मिनिटांचं काम". चालू द्या, मी चहा ठेवतो.

निशिगंधा

निकाल सांगते. काल चार्जर आणून पूर्ण चार्ज केली. रात्री काळी वायर काढून ठेवली तेव्हा मीटरवर १२.३ होतं, म्हणजे तेव्हाच कमी. सकाळी १०.६! डॅशकॅम निर्दोष सुटला. त्याआधी गाडी चालू असताना १४.१ दाखवत होतं.

गॅरेजवाले आबा

मग पंचनामा पूर्ण. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. १०.६ म्हणजे एक सेल आतून शॉर्ट झाला. आता हिला परत परत जम्पर लावून हिंडू नका. सेल पाचच उरले आणि आल्टरनेटर मात्र सहा आहेत असं समजून व्होल्टेज देतो, त्यामुळे बाकीचे उकळतात, गॅस धरतात. हात लावून बघा, चार्जिंगनंतर एक बाजू जास्त गरम लागली असेल. चार्जरसुद्धा लावू नका. फुगलेली, तडकलेली किंवा सडक्या अंड्याचा वास येणारी बॅटरी असेल तर घरी हात न लावता माणूस बोलवा, तिथे मी फुरसतरावांच्या बाजूने.

नवीन घेताना जुनीचा फोटो घेऊन जा. छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर '३८बी२०एल' असलं काहीतरी लिहिलेलं असतं. ३८ हा ताकदीचा क्रमांक, बी हा रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंदाजे लांबी, आणि शेवटचा एल किंवा आर म्हणजे प्लस कुठल्या बाजूला. हे शेवटचं अक्षर चुकलं तर बॅटरी खाचेत बसते पण वायरी पोचत नाहीत. मग लोक ओढून ताणून, नाहीतर बॅटरी उलटी फिरवून जोडायला जातात आणि प्लस-मायनस उलटं होतं. एका झटक्यात फ्यूज, डायोड, कधी ईसीएम. टर्मिनलच्या जाडीकडेही बघा. जपानी मापाच्या छोट्या बॅटऱ्यांचे खुंट बारीक, डीआयएन म्हणजे जर्मन मापाच्यांचे जाड. जाड क्लॅम्प बारीक खुंटावर बसवायला पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकणारे महाभाग आहेत. तुम्ही तसं करू नका. प्लसचा खुंट मायनसपेक्षा किंचित जाड असतो, ती मुद्दाम ठेवलेली खूण आहे.

बॅटरीवरची तारीख पाहूनच घ्या. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली 'नवी' नको. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीचे दोन भाग असतात: पहिल्या काळात फुकट बदल, नंतर वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने सूट. दुकानदार दोन्हींची बेरीज करून मोठा आकडा सांगतो.

वऱ्हाडी ठेचा (अकोला)

आणि उचलताना कंबर सांभाळा. छोटीसुद्धा नऊ-दहा किलोच्या घरात, डिझेल गाड्यांची त्याच्या दुप्पट. आडवी करू नका. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी हातमोजे. विडी-सिगारेट लांब.

सागरलाट (रत्नागिरी)

ऍसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या साध्या पाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टर. डोळ्यात सोडा घालायचा नाही. सोडा फक्त टर्मिनलसाठी आणि जमिनीवर सांडलेल्यासाठी.

निशिगंधा

झालं!! नवीन बसली. चावी काढली, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या, दहा मिनिटं थांबले. काळी, मग लाल, मग बॅटरी दाबून धरणारी पट्टी. सगळ्यात वेळ गेला तो त्या पट्टीचा खालचा नट काढण्यात. लांब दांड्याचा गोटी पाना लागला, माझ्याकडे नव्हता, शेजारच्या काकांकडून आणला. लाल क्लॅम्पवर प्लास्टिकचं झाकण आणि फ्यूजची पेटी होती, ती ओढली असती तर तुटली असती. खटके दाबून हळूच उघडली. काळी शेवटी लावताना बारीकशी ठिणगी पडली, बाबा दोन पावलं मागे. ती का पडते?

गॅरेजवाले आबा

शाब्बास! ती ठिणगी नेहमीचीच. गाडीतले कॉम्प्युटर एकदम जागे होतात, त्यांचे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) भरतात. ठिणगी बारीक असली तर सोडून द्या. मोठी फाडकन पडली तर आत काहीतरी चालू राहिलंय किंवा शॉर्ट आहे, लगेच थांबायचं. पट्टी मात्र घट्ट आवळली ना? सैल बॅटरी खड्ड्यांत आदळून आतल्या प्लेटा गळतात, आणि वर उसळून लाल टोक बॉनेटला लागलं तर आगीचं काम.

घड्याळ शून्यावर आलं असेल. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाची गती) एक-दोन दिवस वरखाली होईल, ईसीएम परत शिकतो. ऑटो खिडक्या असलेल्या गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवावं लागतं.

निशिगंधा

पट्टी घट्ट आहे. घड्याळ गेलं, रेडिओची स्टेशनंही गेली. जुनी बॅटरी कोपऱ्यातल्या भंगारवाल्याने मागितली, किलोवर भाव देतो म्हणाला.

मीरा_जे (म्युनिक)

नको देऊस! असे बरेच जण ऍसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. मुलांच्या मेंदूला शिशाचा धूर फार वाईट. तिकडे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यानुसार बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही, अधिकृत ठिकाणीच द्यायची. घेतलीस तिथेच परत कर, पैसेही मिळतील. शिशाच्या बॅटरीतलं बहुतेक सगळं पुन्हा वापरता येतं. आणि हात साबणाने धुवून मगच जेवायला बस.

फुरसतराव

अभिनंदन ताई. माझा चहा थंड झाला.

बुंगाट

आबा, माझ्याकडे नेक्सॉन ईव्ही आहे. तिलाही १२ व्होल्टची बॅटरी असते म्हणे. तीही अशीच बदलायची?

गॅरेजवाले आबा

असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. तत्त्व तेच, पण इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत बंद करायचा क्रम कंपनीप्रमाणे वेगळा असतो आणि नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. तिथे बसतो तो खरा शॉक. तुम्ही कंपनीकडेच जा. मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिडमध्ये सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी असते, तिच्याही वाटेला जायचं नाही.

वऱ्हाडी ठेचा (अकोला)

आबा, मी दिवाळीत महिनाभर मुलाकडे जाणार. गाडी घरीच. काळी वायर काढून ठेवली तर चालेल ना?

गॅरेजवाले आबा

चालेल, उत्तम. निघण्याआधी पूर्ण चार्ज करा. डिझेल असून ऍडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळं भरायचं द्रव) लागत असेल तर इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, पंप नळीतलं द्रव मागे ओढून घेतो, मग वायर काढा. टोकाला सुती फडकं गुंडाळून बाजूला बांधा. आणि रिमोट चालणार नाही, तेव्हा चावीने दार उघडतं ना ते आधीच बघून ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेलं कुलूप जाम झालेलं असतं. बॉनेटचा खटका दाराच्या आत असतो, म्हणजे दार उघडलं नाही तर बॅटरीपर्यंत पोचताच येणार नाही.